नरक्याचं झाड, वहिनीची सलाईन आणि आपली नोंदवही

परवा रात्री मोबाईलवर एक बातमी वाचली. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी पॉप्लरच्या झाडात जमिनीतल्या सूक्ष्मजीवांची जनुकं घातली आणि ते झाड प्लास्टिक बनवायला उपयोगी पडणारं एक रसायन स्वतःच तयार करायला लागलं. म्हणजे झाडाचाच कारखाना. वाचून गंमत वाटली, पण झोप काही लागली नाही. कारण मला आपलं नरक्याचं झाड आठवलं.

मेढा, केळघर, बामणोली, कास या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना नरक्या सांगायला नको. झाड काही मोठं नाही. फुलं आली की असा वास सुटतो की नाव नरक्या पडलं. काही भागात त्यालाच अमृता म्हणतात. एकाच झाडाला नरकाचंही नाव आणि अमृताचंही. दोन्ही खरी आहेत, ते मला फार उशिरा कळलं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी सकाळी फोन आला, नरक्याचं लाकूड भरलेला टेम्पो पकडलाय, या. गेलो, फोटो काढले, बातमी दिली. मथळा मीच दिला होता, 'नरक्या तस्कर जेरबंद'. फोटोत खाली मान घालून उभा असलेला पोरगा वरच्या एका वाडीतला. त्याचे वडील मुंबईला माथाडी, पाठीचं दुखणं घेऊन गावी आलेले. मूळ माल घेणारा व्यापारी बाहेरचा. तो फोटोत नव्हता, बातमीत नव्हता आणि मला वाटतं पुढं कागदातही नव्हता.

काही महिन्यांनी तो पोरगा एसटी स्टँडवर भेटला. चिडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तस्कर म्हंजी काय वो? मला किलोवर पैसं मिळायचं. लाकूड कशाला लागतंय ते मला ठावं न्हवतं. तुमाला तरी ठावं व्हतं का?"

मलाही ठाऊक नव्हतं. 'औषधी वनस्पती' एवढंच लिहून मी मोकळा झालो होतो.

मला ते कळलं वहिनीच्या आजारपणात. तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. साताऱ्याला केमोसाठी न्यायचो. एकदा सलाईन चालू असताना वेळ जात नव्हता म्हणून औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचत बसलो. नाव होतं इरिनोटेकॅन. घरी येऊन शोधलं तर ते बनतं कॅम्पटोथेसिनपासून, आणि कॅम्पटोथेसिन मिळतं मुख्यतः दोन झाडांतून. एक चीनमधलं. दुसरं आपलं नरक्या.

खुर्चीतच बसून राहिलो.

हे रसायन करतं काय? पेशी वाढताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो, गुंतलेली दोरी सोडवतात तसा. ते काम करणाऱ्या एन्झाइमला कॅम्पटोथेसिन अडवून धरतं. पीळ सुटत नाही, दोरी तुटते, पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना याचा फटका जास्त बसतो. अर्थात चांगल्या पेशीही सुटत नाहीत. वहिनीला जुलाब व्हायचे, ती गळून जायची. पण त्या औषधानं तिला दोन वर्षं दिली. नातवाचं बारसं करून गेली. तिच्या बाटलीतलं औषध आपल्याच डोंगरातलं होतं असं मी म्हणणार नाही. पण नसेलच असंही कुणी सांगू शकत नाही.

आता यातली आपल्या माणसांची नावं ऐका. चीनच्या झाडातून हे रसायन १९६६ साली शोधणाऱ्या जोडीतले एक मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी. वाणींचा जन्म आपल्या नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. याच दोघांनी १९७१ साली यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल जगापुढं आणलं. आणि नरक्यात कॅम्पटोथेसिन भरपूर आहे हे १९७२ साली दाखवलं गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे प्रमुख. १९९६ साली अमेरिकेत याच रसायनापासून केलेल्या दोन औषधांना परवानगी मिळाली. जगाची मागणी वाढली आणि सह्याद्रीत कुऱ्हाड चालू झाली.

टॅक्सॉलचंही असंच झालं होतं. यूची साल काढली की झाड मरायचं, आणि एका पेशंटला कित्येक झाडांची साल लागायची. मग शास्त्रज्ञांनी वाट काढली. दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून अर्धवट तयार रसायन घ्यायचं आणि पुढचं काम प्रयोगशाळेत करायचं. नंतर तर यूच्या पेशीच टाक्यांमध्ये वाढवायला लागले. पानं तोडली तर परत फुटतात. झाड वाचलं, पेशंटही वाचले.

जनुकं बदलण्याचं शास्त्र याच्या पुढची पायरी आहे. आपल्या दारातली सदाफुली घ्या. तिच्यातून कॅन्सरवरचं व्हिन्ब्लास्टिन मिळतं, पण अगदी चिमूटभर. २०२२ साली शास्त्रज्ञांनी सदाफुलीची जनुकं यीस्टमध्ये घालून या औषधाचे दोन्ही मूळ घटक यीस्टकडून बनवून घेतले. यीस्ट म्हणजे पाव फुगवायला घालतात तेच. कॅम्पटोथेसिनच्याही मागे लोक लागलेत. चीनच्या त्या झाडाचा सगळा जनुकीय आराखडा २०१७ सालीच वाचून झालाय. आज ना उद्या हे रसायन टाकीत किंवा दुसऱ्या एखाद्या झाडात बनणार.

माझं मत विचाराल तर बनू दे. जरूर बनू दे. नरक्या कुऱ्हाडीतून सुटेल, पोरं कोर्टाच्या फेऱ्यांतून सुटतील, औषध स्वस्त झालं तर आणखी कुणाची तरी वहिनी बारसं बघेल. 'जनुकबदल' म्हटलं की लगेच लाल झेंडा घेऊन उभं राहणाऱ्यांतला मी नाही. एकच अट. ते बंद टाकीत करा. बदललेलं झाड आमच्या डोंगरात मोकळ्यावर लावू नका. झाड म्हणजे एका हंगामाचं पीक नव्हे, ते पन्नास वर्षं उभं राहतं आणि त्याचे परागकण हद्द बघत नाहीत. शेजारीच रानटी नरक्या आहे. आसाममध्ये २०२१ साली जनुकबदल केलेलं रबराचं झाड चाचणीसाठी लावलंय. पण रबर मुळात ब्राझीलचं, तिथल्या जंगलात त्याचे सगेसोयरे नाहीत. नरक्याचं तसं नाही. त्याचं घरच हे आहे.

पण माझी झोप उडाली ती यामुळं नाही.

लाकूड टेम्पोतून जातं. टेम्पो नाक्यावर अडवता येतो. जनुक म्हणजे शेवटी चार अक्षरांत लिहिलेली कृती. ती ईमेलनं जाते. तिला नाका नाही. एकदा ती कृती डोंगरातून बाहेर गेली की कुणाला आपल्या लाकडाची गरज नाही, आणि ज्याची गरज नाही त्याला कोण विचारतो? कुऱ्हाड थांबेल ही चांगली गोष्ट, पण त्याबरोबर आपला हक्कही गुपचूप थांबेल.

कायदा नाही असं नाही. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. स्थानिक जैविक संपत्तीवर कुणी धंदा केला तर फायद्यातला वाटा स्थानिकांना मिळावा असं त्यात आहे. केरळमध्ये काणी आदिवासींनी दाखवलेल्या वनस्पतीपासून 'जीवनी' नावाचं औषध तयार झालं, तेव्हा तिथल्या संशोधन संस्थेनं परवान्याच्या पैशातला अर्धा वाटा काणींना दिला. तोही हा कायदा येण्याआधी. आणि नुसत्या जनुकांच्या माहितीवर कमावणाऱ्या कंपन्यांनीही वाटा द्यावा म्हणून २०२४ साली कोलंबियातल्या काली शहरात झालेल्या जागतिक परिषदेत एक निधी ठरलाय. देणं ऐच्छिक आहे, पण दार किलकिलं तरी झालंय.

या दारात उभं राहायला आपल्या हातात कागद काय? प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. कुठलं झाड कुठं आहे, त्याला इथं काय म्हणतात, कोण काय उपयोग करतं, सगळं त्यात. हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा ठिकठिकाणी या वह्या घाईघाईनं उरकल्या गेल्या अशी ओरड झाली होती. नुसत्या नोंदीनं उद्या पैसे येतील असं मी खोटं सांगणार नाही. पण नोंदच नसेल तर भांडायचं कशावर?

म्हणून एवढंच करा. येत्या ग्रामसभेत उठून विचारा, आमची नोंदवही कुठाय? दाखवा. तिच्यात नरक्या आहे का बघा. नसेल तर लिहायला लावा. ज्या म्हाताऱ्या माणसांना रान माहीत आहे त्यांना शेजारी बसवा, ती आहेत तोवर.

आणि लिहिणाऱ्यांमध्ये त्या पोरालाही बोलवा. नरक्या कुठल्या ओढ्याला आहे आणि कुठला संपला, हे त्याच्याइतकं इथं कुणाला माहीत नाही. मी त्याला गेल्या आठवड्यात फोन केला होता. आता तो वाशीला मार्केटात आहे. नरक्या कशाला लागतो ते सगळं सांगितलं, वहिनीचंही सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, येतो मी. पण या टायमाला नाव नीट लिवा."

लिहिणार आहे.