धुण्याचा दगड

भोर तालुक्यात आंबवड्याला गेलो की जिवा महालांच्या समाधीपाशी मी थांबतोच. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणारा हा गडी. वतनावर पाणी सोडून शिवरायांच्या बाजूने उभे राहिलेले कान्होजी जेधे, त्यांचीही समाधी याच गावी. राजगडाच्या पायथ्याला पाल गावी सईबाईंची. अशांची नावे पाटीवर तरी येतात.

वेल्ह्याकडच्या एका गावातली गोष्ट मात्र मला अजून खुपते. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया दाखवायची होती. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोकळ बी तरंगते, ते काढून टाकायचे. बादली ठेवायला ओढ्याकाठचा धुण्याचा सपाट दगड मला सोयीचा वाटला. काम उरकल्यावर एक म्हातारी म्हणाली, "सायेब, त्यो उलटा करून बगा की. माझी सासू म्हनायची, त्येच्याखाली मान्सं हायेत."

चौघांनी पहार लावली. वीरगळ निघाला! खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा, शेंड्याला चंद्रसूर्य. यादवकाळात असे दगड पुष्कळ उभारले गेले, तेव्हा हा शिवकाळाच्याही आधीचा असावा. नाव कुठेच नव्हते. गुरे सोडवताना पडला की वेशीवर, कोण सांगणार? आणि मी त्याच्या पाठीवर बादली ठेवली होती.

दगड मारुतीच्या पाराला टेकवून उभा केला. पाटीवर काय लिहावे यावर तासभर भांडण. प्रत्येक भावकीला तो आपलाच पूर्वज! पाटी राहिलीच. परवा गेलो तेव्हा त्यावर शेंदूर चढला होता, आणि ओढ्यावर बायकांनी धुण्याला दुसरा दगड टाकला होता. तोही मी उलटून पाहिला.