वीस वर्षांचे पुरातन

जपानच्या मिए प्रांतातील इसे या नगरात शिंतो धर्माचे सर्वांत पूज्य मानले जाणारे देवस्थान आहे. निसर्गात आणि पूर्वजांत वास करणाऱ्या दैवी सत्तांना शिंतो परंपरेत ‘कामी’ म्हणतात, आणि इसेचे देवस्थान हा अशा कामींच्या लहानमोठ्या १२५ देवळांचा परिवार आहे. त्यांतील दोन देवळे प्रमुख आहेत: सूर्यदेवता आमातेरासु ओमिकामी हिचे ‘नाइकू’, म्हणजे आतले देऊळ, आणि अन्न, वस्त्र व निवारा यांची देवता तोयोउके ओमिकामी हिचे ‘गेकू’, म्हणजे बाहेरचे देऊळ. या दोहोंत काही किलोमीटरांचे अंतर असून यात्रेकरूने आधी गेकूचे आणि मग नाइकूचे दर्शन घ्यावे असा जुना रिवाज आहे. त्या क्रमाने चालत गेले म्हणजे काळाविषयीची एक निराळी समजूत वाटेवर हळूहळू उलगडत जाते; ती कोणत्याही शिलालेखात सापडायची नाही, कारण टिकवून धरण्याचे काम इसेने दगडाकडे सोपवलेलेच नाही.

गेकूच्या आवारात सुगी या उंच, सरळसोट सूचिपर्णी वृक्षांच्या सावलीतून डाव्या बाजूने चालायचे असते. तोयोउके ही मूळची दुसऱ्या प्रांतातील देवता; आमातेरासुला नैवेद्य पुरवण्यासाठी तिला सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी इसेला आणले गेले, असे देवस्थानाची परंपरा सांगते. आवाराच्या आतल्या भागात ‘मिकेदेन’ नावाची नैवेद्याची वास्तू आहे आणि तेथे रोज सकाळी व संध्याकाळी देवतांना भोजन अर्पण केले जाते. त्यासाठी पुजारी आदल्या रात्रीपासून आवारातच राहून शुचिर्भूत होतात, लाकडावर लाकूड घुसळून अग्नी पाडतात, नेमलेल्या विहिरीचे पाणी आणतात आणि भात, मीठ, मासे, समुद्रशेवाळ, भाज्या, फळे व साके हे तांदळाचे मद्य मांडतात. पाऊस असो वा बर्फ, काडेपेटी जवळ असो वा नसो, अग्नी रोज नव्याने पाडायचा, हा नियम वरवर पाहता लहानसाच आहे. पण दर वीस वर्षांनी देवळे नव्याने उभारण्याच्या इसेच्या विशाल आवर्तनात जे घडते, तेच येथे दिवसाच्या लहान आवर्तनात घडत असते.

नाइकूची वाट उजी पुलावरून सुरू होते. इसुझू नदीवरचा हा सुमारे शंभर मीटर लांबीचा पूल मुख्यतः हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस, या सुवासिक लाकडाचा असून पुरात वाहून येणारे ओंडके त्याच्या खांबांवर आदळू नयेत म्हणून प्रवाहाच्या वरच्या अंगाला निराळे खांब रोवलेले आहेत. पुलाच्या दोन्ही टोकांना ‘तोरी’ उभ्या आहेत. दोन खांब आणि त्यांवर आडव्या तुळया अशी रचना असलेली ही कमान म्हणजे पवित्र भूमीची वेस. या तोरींचे लाकूड निरखून पाहण्यासारखे आहे. पलीकडच्या, म्हणजे नाइकूकडील तोरीचे खांब हे नाइकूच्या आधीच्या गर्भगृहाचे आढे पेलणारे खांब होते, तर नगराकडील तोरीचे खांब गेकूच्या गर्भगृहातून आले आहेत. देवळात वीस वर्षे उभे राहिलेले हे लाकूड तासून पुलाशी आणखी वीस वर्षे उभे करतात आणि त्यानंतर ते सेकी व कुवाना या जुन्या राजमार्गावरील ठिकाणी तोरी म्हणूनच पुन्हा रोवले जाते. जुने देऊळ उतरवले जाते तेव्हा त्याचे इतर लाकूडही देशभरातील देवळांना दिले जाते. येथे काही मोडीत निघत नाही, त्याची केवळ बदली होते.

पुलापलीकडे खडी अंथरलेली रुंद वाट लागते आणि तिच्यावर पावलांचा करकर आवाज उठू लागला की माणसे आपोआप हळू बोलू लागतात. उजव्या हाताला वाट नदीकडे उतरते. तेथला दगडी घाट सतराव्या शतकाच्या अखेरीस शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा त्सुनायोशीच्या आईने बांधवून दिला असे सांगतात, आणि आजही यात्रेकरू देवदर्शनापूर्वी तेथे इसुझूच्या निर्मळ पाण्यात हात धुतात. त्यानंतर वृक्ष अधिक दाट होत जातात, वाट वळते आणि गर्भगृहाच्या पायथ्याची दगडी पायऱ्यांची रांग समोर येते. छायाचित्रे घेण्याची परवानगी या पायऱ्यांखालीच संपते.

वर पोहोचलेल्या यात्रेकरूला जे दिसते ते फार थोडे असते. गर्भगृहाभोवती एकात एक अशी चार कुंपणे असून सामान्य भक्त बाहेरील दारापाशी थांबतो, जेथे एक पांढरा रेशमी पडदा टांगलेला असतो. त्याच्यासमोर दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून आणि पुन्हा एकदा वाकून तो नमस्कार करतो. आमातेरासुचे प्रतीक असलेला पवित्र आरसा आत आहे, पण तो कोणालाच दाखवला जात नाही. कुंपणावरून दिसतो तो कुशासारख्या गवताने शाकारलेल्या छपराचा माथा, त्यावर आडवे ठेवलेले दहा जाड ओंडके आणि दोन्ही टोकांना आकाशात फाकलेल्या फळ्या. गेकूच्या छपरावर हे ओंडके नऊ आहेत आणि तेथील फळ्यांची टोके उभी कापलेली आहेत, तर नाइकूची आडवी. रंग नाही, मूर्तिकाम नाही. पायाच्या दगडाविना थेट जमिनीत रोवलेले खांब, उंचावलेली तक्तपोशी आणि उताराचे छप्पर अशी ही रचना प्राचीन धान्यकोठारापासून घडली असे मानतात. भाताला जपणारी वास्तू देवाला जपू लागली, ही कल्पना कोणत्याही शेतकरी समाजाला आपली वाटावी अशी आहे.

जमिनीत पुरलेले लाकूड कुजते आणि गवताचे छप्पर झिजते. हे टाळण्याचे उपाय जपानी सुतारांना ठाऊक नव्हते असे नाही, कारण होर्युजी या बौद्ध मंदिराच्या तेराशे वर्षांहून जुन्या लाकडी वास्तू दगडी पायावर आजही उभ्या आहेत. इसेने नाशवंत बांधणी समजून उमजून राखली आणि तिच्यावर ‘शिकिनेन सेंगू’ हा तोडगा काढला. गर्भगृहाला लागूनच तेवढ्याच आकाराची एक मोकळी जागा असते. दर वीस वर्षांनी तेथे हुबेहूब तसेच नवे देऊळ उभारले जाते, रात्रीच्या काळोखात देवतेचे स्थलांतर होते आणि मग जुनी वास्तू उतरवली जाते. सम्राज्ञी जितोच्या काळात, इ. स. ६९० मध्ये, नाइकूचा पहिला सेंगू झाला आणि २०१३ मध्ये बासष्टावा.

या आवर्तनात देवळासोबत सारी विद्या नवी होते. देवतेची वस्त्रे, तलवारी, खोगिरे, विणकामाची साधने अशा ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तू नव्याने घडवल्या जातात. त्यांतील एका तलवारीच्या मुठीवर तोकी या गुलाबी छटेच्या पक्ष्याची पिसे लागतात. विसाव्या शतकात तो पक्षी जपानच्या रानांतून नाहीसा झाला, तेव्हा एका मुठीचा प्रश्न रानाच्या आरोग्याचा प्रश्न ठरला. लाकूड कापण्याची रीतही अशीच जपलेली आहे. निवडलेल्या हिनोकीच्या बुंध्यात कुऱ्हाडीने तीन बाजूंनी खाचा पाडत मधला गाभा पोखरतात, झाड अखेर तीन पायांवर तोलून राहते आणि मग एक पाय तोडला की ते ठरवलेल्या दिशेलाच कोसळते. त्यानंतर त्याच झाडाच्या शेंड्याची डहाळी बुंध्यावर खोचून रानाला वंदन केले जाते. आपल्या पहिल्या सेंगूत हाताखाली राबलेला तरुण दुसऱ्यात प्रमुख कारागीर होतो आणि तिसऱ्यात शिकवणारा वृद्ध. माणसाच्या आयुष्याला वीस वर्षांचे हे माप नेमके बसते.

तरीही ही परंपरा कधी खंडितच झाली नाही असे मानणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. पंधराव्या शतकातील यादवी युद्धांत देश होरपळला आणि गेकूचा सेंगू १४३४ नंतर, तर नाइकूचा १४६२ नंतर, सव्वाशे वर्षांच्या आसपास बंद पडला. त्या काळात देवळे मोडकळीस आली, आणि ज्यांनी ती बांधताना पाहिली होती अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या निघून गेली. १५६३ मध्ये गेकू पुन्हा उभे राहिले ते मुख्यतः सेइजुन नावाच्या भिक्षुणीने गोळा केलेल्या देणग्यांतून. म्हणजे शिंतो धर्माच्या या परमपवित्र स्थानाचे पुनरुज्जीवन एका बौद्ध स्त्रीच्या फिरण्यातून झाले. नाइकूचा सेंगू त्यानंतर १५८५ मध्ये पार पडला.

इसेच्या भव्यतेचे मर्म या तुटलेल्या आणि पुन्हा सांधलेल्या जागी आहे. प्राचीन वस्तू सांभाळणे हे एक व्रत, आणि प्राचीन कृती पुन्हा करत राहणे हे दुसरे. दुसऱ्या व्रतात विसरण्याचा धोका अधिक असतो, पण विसरलेले परत शिकण्याची वाटही त्यातच खुली राहते. १९२३ मध्ये देवस्थानाने स्वतःच्या रानात हिनोकीची लागवड करण्याची योजना हाती घेतली, ती सुमारे दोनशे वर्षांनंतरच्या सेंगूंना लाकूड मिळावे म्हणून. २०३३ मधील त्रेसष्टाव्या सेंगूचे विधी २०२५ मध्ये सुरू झाले आहेत. पण हिनोकीची ती रोपे लावणाऱ्यांपैकी कोणीही त्यांच्या लाकडाचे देऊळ पाहणार नाही, हे त्यांना लावतानाच ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी ती लावली. इसेला पुरातन म्हणायचे ते या निश्चयाच्या वयामुळे.