टिंबाचा घोटाळा

सतार मिरजेहून आणली. शिकवायला पुस्तकं दोन: एक आजोबांच्या ट्रंकेतलं, पलुस्करांच्या लिपीतलं, दुसरं भातखंडे पद्धतीचं. महिनाभर दोन्हींवरून वाजवत होतो.

*

भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पायाशी टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांकडे डोक्यावरचं टिंब हेच मंद्र. तार सप्तकाला उभी रेघ. खर्जात उतरायचं तिथे मी वर चढून बसलेलो. तालाचं तर विचारूच नका. एकीकडे × म्हणजे सम, दुसरीकडे + म्हणजे खाली. जुन्या छपाईत फुली जरा कलली की संपलं.

दोघेही विष्णू, दोघेही मराठी. एकत्र बसून एक टिंब ठरवता आलं नसतं? (बसले असते तर तिसरी लिपी निघाली असती.)

*

उजव्या हाताचं पुस्तकाला बरं जमतं. ‘दा’ला नखी आत, ‘रा’ला बाहेर. मसीतखानी गत बाराव्या मात्रेला उचलायची: दिर दा दिर दा रा, आणि पुढचा ‘दा’ समेवर. बोटं मोजत बसलो आणि खरंच समेवर आलो. हे पुस्तकाचं देणं, कबूल.

*

मींड म्हणजे छापात दोन स्वरांवर एक कमान. बस्स. रिषभाच्या पडद्यावर तार ओढून गंधार काढायचा होता. तर्जनीला चर पडली, गंधार येईना. अजून ओढली, तर बाजाची तारच तुटली.

*

धारवाडात राहून पुस्तकावरून सतार शिकणं म्हणजे लाइन बाजारात उभं राहून पेढ्याची कृती वाचणं. बंदे अली खाँ बीनकारांचे शिष्य रहिमत खाँ याच गावात राहिले, १९३१ साली इथे भारतीय संगीत विद्यालय काढलं. नातू बाळे खाँ हेही सतारियेच.

*

शेवटी एका मास्तरांकडे गेलो. पुस्तक उघडलं, तर त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं, तार खाली खेचली. गंधार आला. “इन्नोम्मे,” म्हणाले, म्हणजे कन्नडात ‘पुन्हा एकदा’. मी एकट्याने ओढली, उतरा आला. “इन्नोम्मे.” तासभर तेवढंच.

घरी येऊन त्या कमानीवर पेन्सिलीने लिहिलं: बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत.