ठिपका, मणी आणि थर्मामीटर

आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सगळं लिहिलेलं असायचं. सिलिंडर कधी लावला, दुधाचे खाडे किती. आणि दर महिन्याला एका तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका. तो कशाचा हे आईनं कधी सांगितलं नाही, मला पाळी आल्यावर ते आपोआप कळलं. गणपतीच्या आधी ती बोटांवर दिवस मोजायची, आणि तारीख आडवी येत असेल तर मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या यायच्या. म्हणजे पाळीची नोंद आपल्या घरांत होत होतीच. फक्त ती पूजेसाठी होती. जिच्या शरीरात हे घडतं, तिच्यासाठी नव्हती.

मी २८ वर्षांची आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. मूल इतक्यात नको, हे माझं आणि निनादचं लग्नाआधीच ठरलं होतं. मी गोळ्या घेत होते. गेल्या वर्षी डोकं दुखायला लागलं. आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा यायच्या, मग अर्धं डोकं ठणकायचं. डॉक्टरांनी रेषांबद्दल दोनदा विचारलं आणि गोळ्या त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या. अशा मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. कॉपर-टी होती, पण तिनं रक्तस्राव वाढू शकतो आणि माझा आधीच भरपूर. मग कंडोम, आणि त्याच्या जोडीला स्वतःचं चक्र नीट समजून घेणं, असं ठरलं.

आधी एक साधं अ‍ॅप घेतलं. मागच्या तारखांची सरासरी काढायची आणि पुढचे दिवस रंगवायचे, एवढंच ते करत होतं. हिरवे दिवस सुरक्षित, गुलाबी दिवस धोक्याचे. अशा सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. म्हणून मी खोलात गेले.

शाळेत २८ दिवसांचं चक्र आणि चौदाव्या दिवशी स्त्रीबीज, असं एक चित्र होतं. खरं गणित उलट बाजूनं आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि तो फारसा हलत नाही. हलतो तो पहिला भाग. ताण, आजारपण, प्रवास यांनी तो लांबू शकतो. म्हणजे ‘पाळी उशिरा आली’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा स्त्रीबीजच उशिरा बाहेर पडलेलं असतं. ते जगतं जेमतेम एक दिवस, पण शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून गर्भ राहू शकेल असे दिवस सहा: स्त्रीबीज बाहेर पडतं तो आणि त्याच्या आधीचे पाच. अडचण अशी, की ‘आधीचे पाच’ हे नंतर कळतं.

शरीर मात्र खुणा देतं. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास योनीतला स्राव पातळ, निसरडा होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा तार धरणारा. आपल्याकडे अनेकींना तो आजार वाटतो. आणि स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे सकाळचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनं वाढतं आणि पाळी येईपर्यंत वरच राहतं. दोन दशांश दाखवणारा थर्मामीटर, रोज ठरलेली वेळ, अंथरुणातून उठायच्या आधी. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस तापमान वर राहिलं आणि स्रावही सुकला, की दार बंद झालं असं धरायचं. मी मोजायचे, निनाद आकडा शीटमध्ये टाकायचा. ‘३६.४१’ एवढाच आमचा सकाळचा संवाद.

या वाटेवर भारत सरकारही चाललं होतं, हे वाचून मी चकित झाले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे ‘सुरक्षित दिवसां’चा प्रयोग झाला. अब्राहम स्टोन हे अमेरिकन डॉक्टर त्यासाठी आले होते. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या: रोज एक मणी सरकवायचा, रंग पाहून दिवस ओळखायचा. प्रयोग फसला. पुढे त्या बायकांच्या अडाणीपणाचे किस्से चवीनं सांगितले गेले, की त्यांना माळ म्हणजे ताईत वाटला.

माळेची कल्पना मुळात वेडगळ नव्हती. अलीकडे तशीच ३२ मण्यांची माळ पुन्हा आली. ज्यांचं चक्र २६ ते ३२ दिवसांत बसतं, त्यांनी आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळायचा किंवा कंडोम वापरायचा. काटेकोर पाळलं तर वर्षाला शंभरातल्या सुमारे ५ जणींना गर्भ राहतो, प्रत्यक्ष वापरात १२ जणींना. काटेकोर आणि प्रत्यक्ष यांमधल्या त्या सातजणींचा मी बराच विचार केला. त्या सगळ्या मोजायला चुकल्या असतील, असं मला वाटत नाही.

मार्चमध्ये आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. रात्रीचे कॉल, त्यात चार दिवस ताप. तापात थर्मामीटरचा काही उपयोग नाही. त्यानंतर आम्ही दिवेआगरला गेलो. चक्राचा विसावा दिवस, अ‍ॅपवर हिरवा. कंडोमचं पाकीट घरीच राहिलं होतं, गावातलं दुकान बंद. स्राव अजून ओला होता. निनादनं फोनवर शीट उघडली, आलेख पाहिला आणि म्हणाला, “अजून वर गेलेलं नाही.” मी म्हटलं, “अजून नाही.” मग आम्ही किनाऱ्यावर जाऊन खेकड्यांची बिळं मोजत बसलो. तापमान चोविसाव्या दिवशी चढलं. हिरवा रंग निदान चार दिवस आधी लागला होता.

घरी आल्यावर हे सगळं सासरच्या एका वहिनींना सांगितलं. त्यांना दोन मुलं, आणि त्यानंतर दोनदा पाडावं लागलेलं. त्यांनी आलेख नीट समजून घेतला, दोन नेमके प्रश्नही विचारले. मग फोन परत देत म्हणाल्या, “तारीख मला कळेल गं. ती ऐकणार कोण?”

लोदी कॉलनीतल्या बायकांना हे कुणी विचारलं होतं का, मला माहीत नाही. माळ त्यांच्या गळ्यात होती, पण त्या रात्रीचं ‘नाही’ त्यांच्या हातात होतंच असं नाही. ही पद्धत स्वस्त आहे, औषधाविना आहे, हे खरं. पण ती थर्मामीटरवर चालत नाही. ‘अजून नाही’ हे दोन शब्द समोरचा निमूटपणे ऐकेल, यावर चालते. जिथे ते ऐकलं जात नाही, तिथे ती बाईच्या डोक्यावर आणखी एक हिशेब टाकते, आणि हिशेब चुकला की दोषही तिचाच.

वहिनींना मी आलेख शिकवायचा आग्रह धरला नाही. आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे तपासून त्यांना ‘अंतरा’चं इंजेक्शन मिळालं. तीन महिन्यांतून एकदा, मोफत, आणि कुणाच्या परवानगीवर न चालणारं. अनियमित पाळी असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर मोजणीची पद्धत तशीही अवघडच जाते.

ऑफिसातल्या मैत्रिणी आता विचारतात, कुठलं अ‍ॅप चांगलं? सांगते मी. पण त्याआधी एक उलटा प्रश्न विचारते: तू ‘अजून नाही’ म्हणालीस, तर तुझ्या घरी काय होतं? काहीजणी लगेच हसतात. ज्या थोडा वेळ गप्प राहतात, त्यांच्याशी मी अ‍ॅपबद्दल बोलत नाही. त्यांना डॉक्टरांचा नंबर देते.