गेंड्या

पावसाळ्यात कधीमधी लोअर परळच्या चाळीच्या गॅलरीत हा गेंड्या भुंगा येतो. आधी ट्यूबलाइटभोवती घरघर, मग ठक्‌ असा आवाज, आणि लादीवर एक काळंभोर धूड उताणं. सहाही पाय हवेत. डोक्यावर शिंग, अंगावर चिलखत, पण गुळगुळीत लादीवर पालथं होणं काही जमत नाही! बोट पुढे केलं की घट्ट धरतो आणि सोडता सोडत नाही. पायांचे काटे चांगले टोचतात. फारच छेडलं तर पंखांच्या कवचावर पोट घासून चिं चिं करतो. एवढ्या देहाला एवढासा आवाज शोभत नाही, पण त्याचा इलाज नाही.

चाळीतली पोरं खूश होतात आणि कोकणातून आलेली आजी चप्पल शोधते. तिचा राग रास्त आहे. रात्री माडाच्या शेंड्यात शिरून न उमललेल्या पानांचा कोवळा गाभा कुरतडणारा तो हाच. पुढे पान उलगडलं की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं. म्हणून बागायतदार तारेच्या आकड्याने याला भोकातून ओढून काढतात आणि पानांच्या बेचक्यांत वाळू नि डांबरगोळ्या टाकतात.

गंमत म्हणजे बालपणी हा अगदी सज्जन असतो. अळी दिसायला हुमणीसारखी, पांढरी, गुबगुबीत. पण हुमणी उसाची मुळं खाते आणि ही शेणखतात, कुजक्या खोडात चार-सहा महिने निमूट कुजकं खात पडून राहते. जिवंत झाडाला तोंड लावत नाही. शिंग फुटल्यावर बिघडतो.

जपानात याच्या भाऊबंदांना पोरं सुट्टीत हौसेने पाळतात. दुकानात भुंगे मिळतात, त्यांच्या जेलीच्या वाट्याही मिळतात. १९९९ मध्ये तिथे परदेशी भुंग्यांच्या आयातीची दारं उघडली. तिकडचे फोटो पाहून इथल्या टॉवरमधल्या एखाद्या पोराला वीतभर लांबीचा हर्क्युलस भुंगा हवासा वाटणारच. पण जिवंत किडा परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही; २००३ चा प्लांट क्वारंटाइनचा आदेश आडवा येतो. त्यात मला काही जाच वाटत नाही. १९०९ च्या सुमारास आपलाच गेंड्या सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर सामोआला पोचला आणि पॅसिफिकमधल्या माडांच्या मुळावर उठला. २०१३ मध्ये हवाईत सापडला. परदेशी पाहुणा किती महागात पडतो, हे जगाला यानेच दाखवलं.

तेव्हा नवख्याने गॅलरीत आलेल्यावरच भागवावं. झाकणाला भोकं पाडलेला डबा, तळाशी बोटभर ओलसर कोकोपीट, धरून बसायला लाकडाचा तुकडा. खायला केळं किंवा रसवंतीवरून आणलेलं उसाचं कांडं, रोज बदललेलं. झाकण घट्ट हवं, कारण याच्या अंगात ताकद अचाट. नर-मादी एकत्र ठेवू नयेत. नराचं शिंग लांब, मादीच्या शेपटाकडे तांबूस लव. दिवसा कोकोपीटमध्ये गाडून घेऊन झोपेल, म्हणजे कोणाला दाखवायला जावं तर दर्शन नाही. रात्री मात्र घर झोपलं की डबा खरवडत बसेल. वन रूम किचनमध्ये ते सगळ्यांनाच ऐकू येतं.

आणि गणपतीला गावी निघताना तो डबा शेजाऱ्यांकडे ठेवावा. मामाच्या वाडीत हा पाळलेला आहे, असं सांगून कोणी ऐकून घेणार नाही.