चाचण्या नव्या चौकटीत नेताना

जावा भाषेतील प्रोग्रॅमचे छोटे छोटे भाग सुटे करून तपासण्यासाठी जेयुनिट हे साधन वापरतात. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात त्याचा पहिला खर्डा लिहिला. २००६ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पाचवी. पाचवीत साधनाचे तीन भाग झाले. प्लॅटफॉर्म हा चाचण्या शोधून चालवण्याचा पाया, ज्युपिटर नव्या पद्धतीच्या चाचण्यांसाठी आणि व्हिंटेज जुन्यांसाठी. व्हिंटेजमुळे जुन्या आणि नव्या चाचण्या एकाच प्रकल्पात नांदू शकतात. सगळे एका दमात बदलावे लागत नाही.

बदलाचा बराचसा भाग नावांचा असतो. प्रत्येक चाचणीआधीच्या पूर्वतयारीची 'बिफोर' ही खूण जाऊन 'बिफोरईच' येते, 'इग्नोर'च्या जागी 'डिसेबल्ड'. हे काम ओपनरीराइटसारखे साधनही करून देते. जे चुकते ते कंपायलर बहुधा तिथल्या तिथे दाखवतो. त्यामुळे या कामात कष्ट असले तरी धोका थोडा.

खरा धोका निमूटपणे पास होणाऱ्या चाचणीत असतो. चौथ्या आवृत्तीत, मूल्य रिकामे (नल) नाही ना हे पाहणाऱ्या 'असर्टनॉटनल'ला आधी नापास झाल्यास दाखवायचा संदेश आणि मग तपासायचे मूल्य द्यावे लागे. पाचवीत संदेश शेवटी गेला. मूल्यही मजकूरच असेल, तर जुना क्रम कंपायलरला खटकत नाही. मग मूल्याऐवजी संदेशच रिकामा नाही ना, एवढे तपासले जाते, आणि तो रिकामा कधीच नसतो. 'टेस्ट' ही खूण नव्या संचातून आणि 'बिफोर' जुन्यातून घेतली, तर पूर्वतयारीची पायरी मुकाट्याने गळते. मेव्हन या बिल्ड साधनात चाचण्या चालवणारे शुअरफायर २.२२.० पेक्षा जुने असेल आणि वेगळी जोडणी केलेली नसेल, तर ज्युपिटरच्या चाचण्या चालतच नाहीत आणि तरीही बिल्ड यशस्वी ठरू शकते.

कोड बरोबर आहे याचा पुरावा चाचणी देते. चाचणी खरोखर काही तपासते याचा पुरावा मात्र सहसा कोणी मागत नाही. आवृत्ती बदलताना तो मागावाच लागतो. त्यासाठी बदलापूर्वी चाललेल्या चाचण्यांची संख्या टिपून ठेवावी आणि प्रत्येक टप्प्यावर ती जुळवावी. मूळ कोडमध्ये मुद्दाम चूक घालून संबंधित चाचणी नापास होते का, तेही पाहावे.

या उलथापालथीत जुन्या चाचण्यांचा ढिलेपणाही उघडा पडतो. पूर्वी अपेक्षित अपवाद 'टेस्ट' या खुणेतच नोंदवण्याची सोय होती. तो चाचणीतल्या कोणत्याही ओळीतून आला, अगदी पूर्वतयारीच्या ओळीतून आला, तरी चाचणी पास होई. त्याऐवजी पाचवीत आलेल्या 'असर्टथ्रोज'मध्ये तो नेमका कुठून यायला हवा, हे सांगावे लागते. म्हणून इथे नुसते नाव बदलून भागत नाही. मूळ लिहिणाऱ्याला काय तपासायचे होते, याचा विचार करावा लागतो. असे सगळे पालटून झाल्यावर व्हिंटेज काढून टाकावे. त्यानंतरही चाचण्यांची संख्या पूर्वीइतकीच भरली, की स्थलांतर पुरे झाले.