‘लस’ या शब्दाविषयी थोडेसे

अर्थ नीट जाणल्यावाचून शब्द वापरू नये, असे आम्ही वर्गात वारंवार सांगत आलो आहो. परंतु हा उपदेश आम्हांस स्वतःसच किती लागू होता, हे कळावयास २०२१ सालचा मार्च महिना उजाडावा लागला.

त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून साठ वर्षांवरील माणसांस कोरोनाची लस देण्यास सरकारने प्रारंभ केला. आमच्या एक वृद्ध मावशी खामगाव तालुक्यातील एका खेड्यात राहतात. त्यांची समजूत घालावी म्हणून आम्ही मुद्दाम गेलो. “लस म्हणजे काय?” असे त्यांनी विचारताच आम्ही पदवीधराच्या डौलात उत्तर दिले, “त्या रोगाचेच जंतू थोडेसे अंगात सोडतात; म्हणजे शरीर त्यांच्याशी झुंजावयास शिकते.” मावशी क्षणभर थांबून म्हणाल्या, “मंग तो रोग सुईनं आंगात कायले घ्याचा, बापू?” आम्ही हसलो, आणि विषय तेथेच राहिला.

एप्रिलमध्ये त्यांस ताप आला. नऊ दिवस त्या प्राणवायूवर होत्या. देवाच्या कृपेने त्या घरी परतल्या. परंतु शेताच्या बांधापर्यंत चालत जाण्याचे त्राण त्यांच्या पायांत पुन्हा आले नाही. एका टोचणीने तो आजार खात्रीने टळला असता, असे कोणीही छातीठोकपणे म्हणणार नाही. तथापि ती संधी आमच्या शब्दांनी दवडली, हे खरे.

इस्पितळात भेटीस मनाई होती. त्या नऊ दिवसांत आम्ही घरी बसून, जे आधी वाचावयास हवे होते, ते वाचले.

‘लस’ हा आपल्या भाषेतील जुना शब्द. जखमेतून किंवा फोडातून जो पातळ द्रव पाझरतो, ती लस. पूर्वी ‘देवी काढीत’, तेव्हा असाच द्रव दंडावर टोचीत. मावशींच्या दंडावर त्याचे दोन वाटोळे वण आजही आहेत. त्या लशीत देवीच्या विषाणूचा एक सौम्य, पण जिवंत भाऊबंद असे. इंग्लंडात जेन्नर यांनी १७९६ साली गायीच्या देवीपासून ही युक्ती काढली, म्हणूनच इंग्रजीतील ‘व्हॅक्सीन’ हा शब्द गाय या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. आमचे उत्तर ऐकताच मावशींस तो फोड व तो ताप आठवला असेल. त्यांच्या तर्कात चूक नव्हती. चूक आमच्या उत्तरात होती.

कारण ३ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात ज्या दोन लशींस आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, त्यांपैकी एकीतही कोरोनाचा जिवंत विषाणू नव्हता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली कोव्हिशील्ड ही ‘वाहक’ लस. चिंपांझी वानरास सर्दी आणणारा एक विषाणू घेऊन त्याची वाढण्याची शक्ती काढून टाकली, आणि कोरोनाच्या अंगावरील काट्यांची ओळख तेवढी त्याच्यावर सोपविली. टपालवाला चिठ्ठी देतो, घरात बिऱ्हाड करीत नाही, तसे हे. दुसरी कोव्हॅक्सिन, ही ‘निष्क्रिय’ लस. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला विषाणू हैदराबादेस वाढवून, औषधाने निर्जीव करून ती तयार होत असे. तिच्या तिसऱ्या टप्प्याची चाचणी संपण्यापूर्वीच परवानगी मिळाल्यामुळे लोकांनी प्रश्न विचारले, व ते विचारणे योग्यच होते. सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरील त्या चाचणीचा निष्कर्ष नोव्हेंबर २०२१ मध्ये छापून आला, परिणामकारकता ७७.८ टक्के भरली.

या ‘टक्के’ शब्दानेही पुष्कळांस चकविले. सत्तर टक्के परिणामकारक म्हणजे लस घेतलेल्या शंभरांतील तीस जण आजारी पडणार, असे नव्हे. सारख्याच संख्येच्या दोन गटांत लस न घेतलेले शंभर आजारी पडले, तर घेतलेल्यांत तीस पडतात, असा तो हिशेब आहे. दोन्ही गटांत हजारो माणसे असू शकतात. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे.

बरे झाल्यावर तीन महिने थांबून मग लस घ्यावी, असे सरकारने मे महिन्यात सांगितले होते. त्याप्रमाणे आम्ही पुन्हा मावशींकडे गेलो. प्रथम त्यांची क्षमा मागितली. मग केंद्रावर कोव्हॅक्सिन मिळणार असल्याने तिच्याविषयी सावकाश सांगितले : विषाणू निर्जीव केलेला असतो, तो वाढू शकत नाही, परंतु शरीर त्यास ओळखून ठेवते. मावशींनी ऐकून घेतले व म्हणाल्या, “म्हंजे भाजेल हरभरा म्हन ना! वयखू येते, पन उगवत नाही.”

इतका नेमका अर्थ आम्हांस कोणत्याही पुस्तकात सापडला नव्हता. तेव्हापासून आमच्या वर्गात एक नेम आहे. विज्ञानाचा नवा शब्द आला, की मुलांनी तो प्रथम घरी आजीस समजावून सांगावा, आजी काय म्हणाली ते ध्यानात ठेवावे, आणि मगच त्याचा अर्थ वहीत लिहावा.